वाशिष्ठीच्या पाण्यावरून दाभोळपर्यंत

हॉलंडच्या, म्हणजे नेदरलँड्सच्या नद्यांमधून जहाजाने फिरण्याच्या सहली हल्ली आपल्याकडच्या प्रवासी कंपन्याही काढतात. आठवडाभर एकाच जहाजात मुक्काम असतो. सामान एकदा खोलीत ठेवले की पुन्हा बांधायचे नाही. रात्री झोपावे आणि सकाळी खिडकी उघडावी तर समोर नवे गाव. कधी ॲम्स्टरडॅमचे कालवे, कधी किंडरडाइकला रांगेत उभ्या असलेल्या एकोणीस जुन्या पवनचक्क्या, कधी एखादे छोटे बंदर. ज्यांना ऐपत आहे त्यांनी जरूर जावे. आमच्यासारख्या नोकरदार कुटुंबाला मात्र सहा माणसांचा हिशेब मांडल्यावर तो कागद घडी करून ठेवावा लागतो.

पण पाण्यावरून संथपणे गावे पाहत जाण्याचा आनंद फक्त युरोपातच मिळतो असे नाही. आपल्या कोकणात वाशिष्ठी नदी चिपळूणपासून दाभोळपर्यंत खाडी होऊन वाहते. रस्ते नव्हते तेव्हा मुंबईहून येणारी बोट दाभोळला लागायची आणि तिथून छोट्या लाँचने माणसे आणि माल चिपळूणजवळच्या गोवळकोट धक्क्यापर्यंत यायचा. तो जुना जलमार्ग अजून आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे, तिन्ही मुले आणि अम्मी असे सहा जण त्या मार्गाने गेलो. वाचकांना उपयोगी पडेल म्हणून त्या सफरीची हकिकत देत आहोत.

शेंद्र्याहून चिपळूण

आम्ही शेंद्र्याला राहतो. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आमची नोकरी. त्याच कारखान्यात चिपळूणचा एक सहकारी आहे. त्याच्या आईवडिलांनी, ज्यांना आम्ही चाचा-चाची म्हणतो, अनेकदा बोलावले होते. नाताळच्या सुट्टीत मुलांच्या शाळा बंद झाल्या आणि योग जुळून आला.

पुणे, सातारा करत उंब्रजपर्यंत हमरस्ता आणि तिथून पाटणमार्गे कोयनानगर. मराठवाड्यातल्या माणसाने या रस्त्याने जावे, कारण इथे पाण्याची एक वेगळीच गोष्ट समजते. कोयना ही पूर्वेकडे वाहणारी, कृष्णेला मिळणारी नदी. धरणामुळे तिचा शिवसागर जलाशय झाला आणि त्यातले पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला, कोकणाच्या बाजूला सोडले. ते पाणी उंचावरून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पडते आणि वीज तयार होते. १९६२ साली पहिल्या टप्प्यातून वीज मिळू लागली. आज सगळे टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट आहे. वीज तयार झाल्यावर उरलेले पाणी, ज्याला कोयनेचे अवजल म्हणतात, ते वाशिष्ठीत येते आणि तिथून समुद्रात जाते.

हे पाणी किती? पश्चिमेकडे वळवण्यासाठी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी मंजूर आहे. आपल्या जायकवाडीचा उपयुक्त साठा धरण पूर्ण भरल्यावर ७६.६५ टीएमसी होतो. ज्या जायकवाडीच्या टक्केवारीकडे आपण दर पावसाळ्यात डोळे लावून बसतो, ज्यातून शहराला आणि शेंद्र्याच्या कारखान्यांना पाणी येते, जवळजवळ तेवढे पाणी वीज देऊन या नदीतून खारे व्हायला जाते. कुंभार्ली घाट उतरताना आम्ही मुलांना हे सांगितले. गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग धाकटा म्हणाला, "मग थोडं आपल्याकडे का नाही सोडत?" सह्याद्रीच्या त्या उभ्या भिंती पाहिल्यावर त्याला उत्तर मिळाले असावे. पाणी खाली आणणे सोपे, परत वर चढवणे फार महाग.

भिंतीवरची खूण

चाचांचे घर चिपळूणच्या बाजारपेठेजवळ आहे. खाली दुकान, मागे स्वयंपाकघर आणि वर राहण्याच्या खोल्या. चाचींनी तांदळाची भाकरी, सुरमईचे कालवण आणि नारळाच्या दुधातले सांदण असा बेत केला होता. आमच्या अम्मी ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या, पण सांदण दोनदा मागून घेतले.

जेवण झाल्यावर मोठ्या मुलीचे लक्ष जिन्याच्या भिंतीकडे गेले. वरच्या मजल्याच्या थोडे खाली, आमच्या डोक्याच्या बऱ्याच वर, काळ्या तेलरंगाने एक रेघ काढली होती आणि तारीख लिहिली होती : २२ जुलै २०२१.

ती तारीख आमच्याही लक्षात आहे. त्या वर्षी २१ जुलैला बकरी ईद होती. चाचींनी सांगितले की ईदच्या रात्री पाहुणे गेले, भांडी आवरली, तेव्हा पाऊस नेहमीसारखाच वाटत होता. पहाटेपर्यंत पाणी दुकानात आले आणि सकाळी जिन्याच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा होऊ लागल्या. वीज गेली, फोन गेले. शेजारची दोन कुटुंबे त्यांच्या गच्चीवर आली, त्यांत एक हिंदू कुटुंब होते. ईदचे जे काही शिजवलेले वर नेता आले त्यात आणि शेजाऱ्यांच्या डब्यातल्या पोह्यांत सगळ्यांनी दीड दिवस काढला. चिपळूणमध्ये त्या दिवशी एका कोविड रुग्णालयात वीज बंद पडून आठ रुग्ण दगावले. पाणी ओसरल्यावर दुकानात गुडघाभर चिखल होता. राज्यभरातून लोक मदत घेऊन आले, फावडी घेऊन आले. चाचा त्या लोकांची आठवण अजून काढतात.

आता घरात एक वाद चालू आहे. कुवेतला असलेला थोरला मुलगा म्हणतो, हे घर विका आणि वरच्या भागात जागा घ्या. आमचा सहकारी म्हणतो, शेंद्र्याला या, तिथे पूर येत नाही. "तिथे पाणीही येत नाही," चाची म्हणाल्या आणि सगळे हसले. शहरात नळाला किती दिवसांनी पाणी येते हे त्यांना मुलाकडून ठाऊक होते. चाचा हसले नाहीत. त्यांचे म्हणणे, चाळीस वर्षांचे गिऱ्हाईक या गल्लीत आहे, मशीद आणि कब्रस्तान इथेच आहे.

ओहोटीबरोबर

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर आम्ही गोवळकोटला गेलो. धक्क्यामागच्या टेकडीवर गोविंदगड हा छोटा किल्ला आहे. चाचांच्या ओळखीच्या तांडेलांची मशीन बसवलेली होडी ठरवली होती. तांडेलांनी आधी सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावले आणि मगच मशीन सुरू केले.

निघायची वेळ त्यांनी घड्याळावर ठरवली नव्हती. खाडीत दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि ती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. आम्ही विचारले, हे लक्षात कसे राहते? तांडेल म्हणाले, "चांदची तारीख बघायची." अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याला जोर असतो, त्याला उधाण म्हणतात. सातव्या-आठव्या चांदला पाणी मंद असते, तो भांग. आपण रमजान आणि ईदसाठी चंद्र पाहतो. इथे चंद्र पाहून होडी सोडतात. मोठ्या मुलीने लगेच हिशेब केला की २०२१ चा तो पूर जिल्हिजच्या अकराव्या-बाराव्या चांदचा, म्हणजे पौर्णिमा दोनच दिवसांवर होती. तांडेलांनी मान डोलावली. वरून डोंगराचे पाणी आणि खालून भरती, अशा दोन पाण्यांच्या मध्ये गाव सापडले होते.

ओहोटी लागली होती, त्यामुळे नदीच होडीला पुढे नेत होती. दोन्ही काठांना कांदळवन. इथे लोक त्याला तिवर, चिपी अशा नावांनी ओळखतात. त्यांची मुळे चिखलातून बोटांसारखी वर आलेली दिसतात. ही झाडे माती धरून ठेवतात आणि त्यांच्या मुळांत मासे, कोळंबी वाढते. पाणी उतरू लागले तसे चिखलाचे काठ उघडे पडले आणि पहिली मगर दिसली. उन्हाला तोंड करून, जबडा उघडा ठेवून निवांत पडलेली. वाशिष्ठीच्या मगरी आता पर्यटकांचे आकर्षण झाल्या आहेत. मुलांनी पुढच्या तासाभरात सात मोजल्या. अम्मी म्हणाल्या, सहाच होत्या, एक ओंडका होता.

पात्राच्या मधोमध गाळाची बेटे आहेत. काहींवर झाडे वाढली आहेत. तांडेलांनी सांगितले की पूर्वी जिथून मोठी होडी जायची तिथे आता ओहोटीला तळ लागतो. डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूणकरांनी हा गाळ काढावा म्हणून साखळी उपोषण केले होते. त्यानंतर गाळ काढण्याचे काम सुरू झाले. किती काढला आणि किती उरला, यावर गावात आजही चर्चा रंगते.

खेडकडून येणारी जगबुडी नदी मिळते तिथे खाडी रुंद होते. मशीनचा आवाज कमी केला की फक्त पाणी होडीला लागल्याचा आवाज येतो. बगळे, खंड्या, वर घिरट्या घालणारी घार. काठावर कौलारू घरे, नारळी, एखादी मशीद, एखादे देऊळ, चिखलात वाकून शिंपले गोळा करणाऱ्या बायका. धाकटा अम्मींच्या मांडीवर झोपी गेला. आमच्या कारखान्यात तीन पाळ्या चालतात. इतके शांत बसून कित्येक महिने झाले होते.

या शांत पाण्याला दुसरी बाजूही आहे. या खोऱ्यात लोटे-परशुराम ही रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. सांडपाण्यामुळे मासे मरतात, अशी तक्रार दाभोळ खाडीतले मच्छीमार, विशेषतः भोई समाजातले लोक, वर्षानुवर्षे करत आले आहेत. आम्ही औद्योगिक वसाहतीतच पोट भरतो, त्यामुळे हे ऐकून फक्त मान हलवणे आम्हाला जमले नाही. आमच्याकडची सुखना नदी चिकलठाण्याजवळ कशी दिसते हे आम्ही रोज जाता-येता पाहतो. कारखाने हवेत, पण नदीच्या खालच्या अंगालाही कोणाचे तरी घर असते.

दाभोळ

साधारण पाच तासांनी दाभोळ आले. समोर समुद्राचे तोंड, डाव्या हाताला वेलदूर आणि अंजनवेलचा गोपाळगड किल्ला, उजव्या हाताला दाभोळ गाव. आज शांत वाटणारे हे गाव बहामनी आणि आदिलशाही काळात दख्खनचे मोठे बंदर होते. अरबस्तानातून, इराणकडून इथे घोडे उतरत आणि दख्खनचे कापड बाहेर जाई. रशियन व्यापारी अफानासी निकितीन पंधराव्या शतकात दख्खन पाहून परत गेला तो याच बंदरातून जहाजात बसून. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर अल्मेडाने हे शहर जाळले. त्यातूनही ते पुन्हा उभे राहिले.

नारळीच्या गर्दीत इथली शाही मशीद उभी आहे. उंच चौथरा, मोठा घुमट आणि चार मिनार अशी तिची विजापुरी धाटणी आहे. लोक तिला अंडा मशीदही म्हणतात. गावात सांगतात की विजापूरची शहजादी आयशाबीबी हजला जाण्यासाठी लवाजम्यासह इथे आली, पण समुद्रात धोका असल्याने जहाज सुटू शकले नाही. तेव्हा हजसाठी आणलेला पैसा तिने या मशिदीच्या बांधकामाला दिला. आज विमानाने काही तासांत जेद्दाहला पोहोचणाऱ्या आपल्या लोकांनी ही पायरी एकदा पाहावी. याच किनाऱ्यावर कित्येकांनी घरच्यांचा निरोप घेतला असेल, परत येण्याची खात्री नसताना.

गावातल्या मशिदीत जोहरची नमाज झाली. वुजू करताना अम्मींनी सवयीप्रमाणे लोटाभर पाणी घेतले आणि त्यातही घोटभर उरवले. शेजारी बसलेल्या एका बाईंनी विचारले, "नळ आहे की, लोटा कशाला?" अम्मी म्हणाल्या, "आमच्याकडे असंच करतात." वाहत्या नदीच्या काठी बसलो तरी पाणी जपून वापरावे, ही शिकवण आपल्या सर्वांच्या घरात आहे. मराठवाड्यात ती पाठ करावी लागत नाही इतकेच.

परतीला दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत बसलो. त्यात मोटारी, ट्रक, एसटीसुद्धा चढते. पलीकडे चाचांचा पुतण्या गाडी घेऊन आला होता. गुहागरमार्गे रात्री चिपळूणला पोहोचलो.

नदीला जागा

रात्री जिन्यात बसून पुन्हा तोच विषय निघाला. पुरानंतर सरकारी नकाशावर नदीकाठी निळी आणि लाल अशा पूररेषा आखल्या गेल्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामावर बंधने येतात. चिपळूणच्या बाजारपेठेचा मोठा भाग या रेषांत येतो, म्हणून गावात त्यांना विरोध आहे. चाचा म्हणाले, "रेघ नकाशावर मारणं सोपं आहे. त्या रेघेत आमची दुकानं आहेत."

तेव्हा आम्ही त्यांना नेदरलँड्सची गोष्ट सांगितली. सुट्टीआधी त्या सहलींची माहिती वाचताना ती आमच्या वाचनात आली होती. त्या देशात पाऊस वर्षाला आठशे-नऊशे मिलिमीटर, आपल्या सातशेहून फार जास्त नाही. पण जवळजवळ एक चतुर्थांश जमीन समुद्रसपाटीच्या खाली आणि वरून ऱ्हाइन व मास या नद्या अर्ध्या युरोपचे पाणी घेऊन येतात. कित्येक शतके ते बांध उंच करत राहिले. १९९५ साली नद्या इतक्या फुगल्या की अडीच लाख लोकांना घरे सोडायला लावावी लागली. त्यानंतर त्यांनी ठरवले की बांध उंच करत बसण्यापेक्षा नदीला जागा द्यायची. तीसहून अधिक ठिकाणी हे काम झाले. नायमेगेन शहरासमोर बांध साडेतीनशे मीटर मागे नेला आणि नदीसाठी दुसरा प्रवाह खोदला. त्यासाठी पन्नासेक घरे पाडावी लागली. आज तिथे नदीत एक बेट आणि बाग आहे.

"त्या पन्नास घरांचं काय झालं?" चाचींनी विचारले. रहिवाशांना सरकारने मोबदला दिला, पण सुरुवातीला त्यांनी कडाडून विरोध केला होता, असे आम्ही सांगितले. तिथे पाण्यासाठी वेगळी जलमंडळे आहेत. काही तेराव्या शतकापासूनची. लोक त्यांना वेगळा कर भरतात आणि त्यांचे सदस्य निवडून देतात. त्यामुळे भांडण झाले तरी ते कोणाशी करायचे हे माहीत असते.

आणि आणखी एक योगायोग. जुलै २०२१ मध्येच, चिपळूणच्या पुराच्या एक आठवडा आधी, त्याच भागात अतिवृष्टी झाली. जर्मनी आणि बेल्जियममध्ये दोनशेहून अधिक माणसे गेली. नेदरलँड्समध्ये वाल्केनबर्ग या गावाचे मोठे नुकसान झाले, हजारो लोकांना हलवावे लागले, पण पुरात एकही जीव गेला नाही.

चिपळूण म्हणजे नायमेगेन नव्हे. इथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि डोंगरापासून समुद्रापर्यंतचे अंतर फार थोडे. कोयनेच्या पाण्याचाही प्रश्न आहे, त्यावर गावात वाद आहे. तिकडची युक्ती उचलून इकडे ठेवता येणार नाही. पण नदीला जागा लागते, आणि ती कोणी, किती आणि कशाच्या बदल्यात द्यायची हे घर सोडणाऱ्या माणसाला विचारून ठरवावे लागते, एवढे दोन्हीकडे सारखेच आहे. चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "असं समोर बसून कोणी विचारलं, तर आम्ही बोलू तरी."

निघताना समजले की त्यांनी एक निर्णय आधीच घेतला आहे. स्वयंपाकघर वर नेणार आणि खालच्या मजल्यावर एका दिवसात उचलता येईल एवढाच माल ठेवणार. घर विकण्याचे अजून ठरलेले नाही.

जाणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. कोकण रेल्वेने चिपळूणला उतरता येते. मगरी पाहण्यासाठी होड्या मिळतात आणि त्या फेरीला दोन-तीन तास पुरतात. दाभोळपर्यंत पूर्ण जायचे असेल तर आधी ओळख काढून, भरती-ओहोटी विचारून होडी ठरवावी. लाइफ जॅकेटशिवाय बसू नये. पाण्यात हात घालू नये, मुलांना काठावर उतरू देऊ नये. टोपी, प्यायचे पाणी आणि खजूर-फुटाणे बरोबर ठेवावेत. प्लास्टिक परत आणावे. किबल्यासाठी मोबाइलमधले होकायंत्र उपयोगी पडते, पण होडी वळत राहते, म्हणून नमाजची वेळ काठावरच्या गावाशी जुळवून घेतलेली बरी.

मुले परत आल्यापासून सुखनेच्या पुलावरून जाताना खिडकीतून खाली पाहू लागली आहेत. शहरात खाम नदीच्या काठी महापालिका, छावणी परिषद आणि नागरिकांनी मिळून गेल्या काही वर्षांत साफसफाई केली, झाडे लावली. एका रविवारी आम्ही तिघांनाही तिथे घेऊन गेलो. मगर नव्हती, पण बगळे होते. येत्या पावसाळ्यात चिपळूणला फोन करायची तारीख मोठ्या मुलीने कॅलेंडरवर चांद पाहून लिहून ठेवली आहे.